उलट वाचणारे डोळे

मार्च लागला की आमच्या आळीत दोन आवाज सुरू होतात. कोपऱ्यावरच्या वखारीत आंब्याच्या पेट्या ठोकल्याचा एक, आणि घराघरांतून येणाऱ्या पाठांतराचा दुसरा. हातोडी सकाळची आणि पाठांतर दिवेलागणीचं, अशी खरं तर त्यांची वाटणी असते. पण परीक्षा तोंडावर आली की मुलं दुपारीही घोकायला बसतात, आणि मग भूमितीचं प्रमेय आणि लाकडावरचा घाव एकाच लयीत ऐकू येतात. हवेत काजूच्या बोंडांचा आंबूस वास असतो. जांभ्या दगडाचे कुंपणाचे गडगे तापलेले असतात. पाहुणे म्हणतात, रत्नागिरीला यावं तर या दिवसांत. मला मात्र गेली काही वर्षं या दिवसांत इथून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. जाता येत नाही. हाच आमच्या छापखान्याचा भराचा मोसम. पेट्यांवर डकवायची लेबलं आम्हीच छापतो.

मी छापखान्यात लागलो तो खिळे जुळवायला. शिशाच्या एकेका अक्षराला आम्ही खिळा म्हणतो. लाकडी खणांतून तो उचलायचा आणि डाव्या हातातल्या पट्टीत, म्हणजे स्टिकमध्ये, ओळीने बसवायचा. कागदावर अक्षर सुलट उमटायचं तर शिशात ते उलट असावं लागतं, आणि जुळवणारा ते खाली डोकं वर पाय करून वाचतो. शिरोरेघ खाली आणि अक्षरं तिच्यावर उभी, असं ते दिसतं. नवख्याला हे गिचमिड वाटतं. मलाही वाटलं होतं. दोन-तीन वर्षांनी वाटेनासं झालं. पुढे पुढे तर अशी वेळ आली की सरळ छापलेला कागद हातात आला तर मीच क्षणभर थबकत असे आणि स्टिकमधली ओळ मात्र बोलता बोलता वाचून टाकत असे.

शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं शिक्षण मी या खिळ्यांत घेतलं. लग्नपत्रिका, जत्रांची हस्तपत्रकं, सोसायट्यांचे अहवाल, कीर्तनांचे कार्यक्रम, कोणा निवृत्त मास्तरांनी स्वखर्चाने काढलेलं आपल्या गावाचं वर्णन, हे सगळं मी अक्षर अक्षर हातात धरून वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ मला शिकवायला कोणी आलं नाही, पण वकील आपला मजकूर माझ्याकडे देताना म्हणत, ‘विनायकराव, तेवढं शुद्धलेखन बघून घ्या.’ याचा मला अभिमान होता. लपवून ठेवण्याइतका थोडा नव्हता तो. माझी मुलगी शैला लहान असताना छापखान्यात आली की मी तिला जुळवलेलं पान दाखवून भरभर वाचून दाखवीत असे. तिने वर्गात सांगितलं होतं, ‘माझे बाबा पलीकडच्या बाजूने वाचतात.’ बाईंना वाटलं, पोरगी थापा मारते आहे.

छापखान्यातलं मशीन बदललं ते वर्ष तिचं दहावीचं. दिवाळीनंतर आमच्याकडे ऑफसेट मशीन आलं. मुंबईच्या कुठल्याशा छापखान्यातून वापरलेलं घेतलेलं, हिरव्या रंगाचं, गुरासारखं आडवं. आमचे मालक, त्यांना सगळे आबा म्हणतात, यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि तीर्थप्रसाद झाल्यावर आम्हा दोघा कंपोझिटरांना बाजूला घेतलं. दुसरा पांडूदादा. माझ्याहून बराच मोठा, मला खिळे ओळखायला त्यानेच शिकवलेलं.

आबा म्हणाले, ‘‘यात खिळे नाहीत. मजकुराचा फोटो काढायचा, त्याची फिल्म, फिल्मवरून प्लेट, प्लेटवरून छपाई. तुमच्यातला एक जण कोल्हापूरला जाऊन शिकून येईल. आंब्याचा मोसम संपेपर्यंत हे त्याच्या हाताखाली आलं पाहिजे. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल, आणि मग दोघांना पोसायचं जमेल असं मी आज सांगत नाही.’’

पांडूदादाने तपकिरीची चिमूट भरली. ‘‘विनूला धाडा. मी आता नव्याने शिकून तिरडीवर काय छापू?’’

अशा थट्टेत माझं जाणं ठरलं. तो हसत होता, मी हसलो नाही. त्याने मला वाट दिली की ओझं दिलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

कोल्हापूरचा महिना मला आठवतो तो थंडीने आणि अपमानाने. आंबा घाट चढून गेलं की हवा बदलते, बोलणं बदलतं, ताटात मासा दिसेनासा होतो. मला शिकवणारा श्रीकांत, ओठावर नुकती मिसरूड फुटलेला. तो मला काका म्हणायचा. आदरानेच म्हणायचा, पण ‘काका, ते तसं न्हवं’ हे वाक्य मी दिवसभर ऐकायचो, आणि प्रत्येक वेळी पायाखालची जमीन थोडी सरकल्यासारखी वाटायची. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चूक करायला लाज वाटते. लहान मूल चुकतं आणि पुढे जातं. मी चुकत होतो आणि त्या चुकीपाशी बसून राहत होतो.

माझी अडचण विचित्र होती. फिल्म काचेसारखी पारदर्शक. तिच्यावरचा मजकूर दोन्ही बाजूंनी दिसतो, एका बाजूने सुलट, दुसऱ्या बाजूने उलट. प्लेटवर ठेवताना ती वरून सुलट वाचता आली पाहिजे, बस. कोणालाही बघताक्षणी कळतं. मला कळायचं नाही. मला दोन्ही बाजूंनी वाचता यायचं. मी नजर टाकली की अक्षरं आपोआप लागायची, अर्थ डोक्यात शिरायचा, आणि मी म्हणायचो, बरोबर आहे.

‘‘काका, डोळ्यानं बघू नगा,’’ श्रीकांत सांगायचा. ‘‘ही चकचकीत बाजू, ही मंद बाजू. मंद बाजू प्लेटकडं. कळंना झालं तर कड ओठाला लावा. चिकटंल ती मंद.’’

‘‘मला वाचता येतं,’’ मी म्हणालो.

‘‘अवो, वाचता येतंय म्हणूनच तर चुकताय तुमी!’’

सगळे हसले. त्या पोराच्या मनात काही नव्हतं. पण मी ओठाला फिल्म लावली नाही. अक्षर चाटून बघायचं? मी? महिनाभर मी हट्टाने डोळ्यांवर जोर देत राहिलो, प्रत्येक फिल्म दहादा फिरवून बघत राहिलो, आणि चुकायचो त्यापेक्षा कमी चुकायला लागलो. तेवढ्यावर मला परत पाठवण्यात आलं.

परत आलो तर मशीन माझी वाट बघत होतं आणि त्याच्याबरोबर त्याचं माहितीपुस्तक. जाडजूड, इंग्रजीत. कोल्हापूरचं मशीन वेगळ्या बनावटीचं होतं. आमच्या मशीनचे रूळ कुठे सैल करायचे, पाणी कुठून सोडायचं, हे सगळं त्या पुस्तकात. माझं इंग्रजी व्हिजिटिंग कार्डापुरतं. घरात इंग्रजी वाचणारं एकच माणूस होतं, आणि त्याची मार्चमध्ये दहावी होती.

मी तिला आज्ञा केली नाही. एवढंच म्हणालो, ‘‘शैला, जरा हे पान बघतेस का?’’ ती म्हणाली, ‘‘बघते की.’’ सगळं असं सोपं सुरू झालं. मग रोज संध्याकाळी, मी छापखान्यातून दिवसाच्या चुका घेऊन यायचो आणि ती आपली वही मिटून ते पुस्तक उघडायची. दोन खोल्यांचं आमचं घर. बाहेर आळीतली बाकीची मुलं प्रमेयं घोकत असायची आणि आमच्या घरातून तिचा आवाज यायचा तो रूळ, स्प्रिंगा आणि स्क्रू यांचा.

‘‘यात फाउंटन सोल्यूशन म्हणतात, बाबा. कारंज्याचं द्रावण.’’

आतून कुंदा, माझी बायको, ओरडायची, ‘‘कारंजी कसली उडवताय? नळाला सकाळपासून थेंब नाही. आणि परीक्षा पोरीची आहे की तुमची, ते एकदा ठरवा.’’

आम्ही दोघं हसायचो. शैलाला ते मनापासून आवडत होतं असं मला वाटायचं. वाटून घेणं सोयीचं होतं, हेही आता लिहून टाकतो.

आणि ते द्रावण! खिळ्यांच्या छपाईत पाणी म्हणजे शत्रू. पावसाळ्यात आम्ही कागद जपायचो, खण पुसायचो, गंज धरेल म्हणून खालची लोखंडी चौकट तेलाने घासायचो. इथे मात्र मशीन पाण्यावाचून चालेना. प्लेटवर एकीकडून पाणी, एकीकडून शाई, आणि दोघांचं जमलं तर छपाई. पाणी थोडं जास्त झालं की अक्षरं फिकी, कमी झालं की सगळा कागद काळवंडलेला. त्यात आमची समुद्राची हवा. पुस्तकात लिहिलेलं माप सकाळी बरोबर यायचं, दुपारी खारा वारा सुटला की तेच माप चुकायचं, कागदाच्या कडा वळायच्या आणि मशीन एकदम दोन-दोन कागद ओढायचं. मी हात मागे बांधून बघत बसायचो. हेच हात न बघता ‘क्ष’च्या खणात जात होते. त्या हातांना आता काही माहीत नव्हतं. माणसाचा राग कुठे साठतो हे मला त्या दिवसांत कळलं. तळव्यांत. घरी जाताना मुठी आवळलेल्या असायच्या.

एका संध्याकाळी शैला एका शब्दाशी अडली. पाणी किती ठेवायचं त्या वाक्यातलाच शब्द, आणि दिवसभर माझं तेच बिघडलं होतं. ती म्हणाली, ‘‘हा नाही माहीत मला, बाबा.’’

मी म्हणालो, ‘‘पाचवीपासून इंग्रजी शिकतेस. एवढं येत नसेल तर परीक्षेला बसतेस कशाला?’’

आतल्या खोलीत कुंदाच्या हातातलं भांडं थांबलं. शैलाने पुस्तक मिटलं, तेही आपटून नाही, खूण घालून हलकेच. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आपल्या बाईंच्या घरी गेली आणि त्यांच्या कोशात बघून अर्थ लिहून घेऊन आली. त्याच बाई गणितही शिकवीत. परीक्षा पंधरवड्यावर आलेली मुलगी गणिताच्या बाईंकडे गेली आणि मशीनमधल्या पाण्याचा शब्द विचारून आली. मी तो अर्थ ऐकला, दुसऱ्या दिवशी पाणी कमी केलं, छपाई सुधारली. तिला मी तसं सांगितलंसुद्धा. पण आदल्या संध्याकाळबद्दल बोललो नाही.

परीक्षा सुरू झाली. गणिताच्या पेपराला मी तिला केंद्रापर्यंत सोडायला जाणार होतो. त्याच दिवशी कोतवड्याच्या एका बागायतदाराची लेबलं द्यायची होती, पेट्यांची गाडी संध्याकाळी मुंबईला सुटणार होती. आबांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, ‘‘विनायकराव, हे काम तुमचं एकट्याचं. फिल्मपासून छपाईपर्यंत. मी बघणारसुद्धा नाही.’’ याचा अर्थ मला कळत होता. शैला मैत्रिणीबरोबर गेली. जाताना तिने दही-साखर घेतली, देवाला नमस्कार केला आणि मला म्हणाली, ‘‘तुम्हालापण बेस्ट लक, बाबा.’’

फिल्म ठेवली, प्लेट केली, मशीन सुरू केलं. कागद बाहेर पडतात त्या टोकाला मी उभा होतो. तिथे कागदाचं डोकं आपल्याकडे येतं, म्हणजे उभ्या माणसाला छपाई उलटी दिसते. पहिला चांगला कागद बाहेर आला. मी वाकून बघितला आणि माझ्या मनाला काय बरं वाटलं म्हणून सांगू! कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्या मशीनमधून काहीतरी ओळखीचं बाहेर पडलं होतं. बागायतदाराचं नाव, गाव, ‘अस्सल हापूस’, वर पानासकट आंबा. सगळं डावीकडून उजवीकडे घडाघडा वाचता येत होतं. शिरोरेघ खाली, अक्षरं वर उभी. जणू स्टिकच हातात होती.

तिथेच मला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट मी पांडूदादाला हाक मारली. तो चष्मा पुसत आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि प्रूफ वाचावं तसं बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं.

‘‘वेलांट्या काय भरल्यात बघ! झकास हाय. सोड मशीन.’’

मी सोडलं. आम्ही दोघं आयुष्य छापखान्यात घालवलेली माणसं, दोघांनी वाचून पास केलेलं काम. गठ्ठा वाढत गेला.

दुपारी बागायतदार आले. घामाघूम, खांद्यावर पंचा. त्यांनी वरचा कागद उचलला, आपल्याकडे नीट फिरवून धरला. मग कागद पालथा केला, उजेडाकडे धरला, पाठीमागून बघितला.

‘‘काय रे विनायका,’’ ते म्हणाले, ‘‘ही लेबलां पेटीच्या आतनं लावायची काय? म्हणजे मुंबैवाला आंबे खाऊन झाले की आतनं वाचील, आंबे कुणाचे ते?’’

मला अजून कळलं नव्हतं. पांडूदादा तर त्यांच्या हातातून कागद घेऊन, त्याचं डोकं खाली धरून, म्हणाला, ‘‘का ओ? सरळच तर हाय!’’

मग त्याने तो फिरवला. त्याचा चेहरा बदलला, आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. ‘‘अरे विनू, आपण दोघांनी वाचला रे हा! दोघांनी!’’ बागायतदारही हसत होते. फिल्म मी पालथी ठेवली होती. सगळी लेबलं आरशात बघावीत तशी छापून निघाली होती. जगात ती फक्त दोघांना सरळ दिसली असती, आणि ते दोघंही तिथेच, मशीनच्या त्या टोकाला, शेजारी शेजारी उभे होते.

आबा आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘‘विनायकराव, कागद गेला त्याचं राहू दे. मला एवढंच सांगा, तुम्हाला दिसलं नाही?’’

‘‘दिसलं.’’

‘‘मग?’’

‘‘बरोबर दिसलं, आबा.’’

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘गाडी सुटायच्या आत लेबलं पाहिजेत. परत चुकलं तर मी कोल्हापूरला ट्रंककॉल लावतो, तो मुलगा यायला एका पायावर तयार आहे. तुम्ही मग पांडूच्या शेजारी बसा. खिळे आहेत तोवर आहेत.’’

मी आतल्या खोलीत गेलो. फिल्म उचलली. आणि डोळे मिटले. उघडे ठेवले असते तर मी वाचलं असतं, आणि वाचलं असतं तर ते बरोबर वाटलं असतं. इतकी वर्षं ज्यांच्यावर माझं घर चाललं ते डोळे त्या क्षणी माझे वैरी होते. मी फिल्मची कड खालच्या ओठाला लावली. एक बाजू घसरली. दुसरी चिकटली. जिभेला कडवट औषधी चव आली, आणि मला, चाळिशी उलटलेल्या बापाला, रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. संताप होता. इतक्या सोप्या गोष्टीला मी हट्टाने इतके दिवस लावले होते, आणि ते दिवस माझ्या एकट्याचे नव्हते.

दुसरी प्लेट केली. पहिला कागद मी वाचला नाही. तो बागायतदारांच्या हातात दिला आणि म्हणालो, ‘‘मोठ्याने वाचा.’’ त्यांनी आपलं नाव दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच ठसक्यात. गाडीला लेबलं मिळाली. माझी जागा राहिली. आबांनी त्यानंतर ट्रंककॉलचं नाव काढलं नाही.

घरी आलो तर शैला उंबऱ्यात बसली होती. मी विचारलं, ‘‘कसा गेला?’’ ती म्हणाली, ‘‘बरा.’’ आणि मग मी लेबलांची सगळी हकिगत सांगितली. ‘पेटीच्या आतनं’ ऐकून ती पोट धरून हसली. कुंदाही हसली. शैलाने विचारलं, ‘‘मग शेवटी फिल्म कुठल्या बाजूने लावायची?’’ मी तिला साग्रसंगीत समजावलं. ‘बरा’ म्हणजे काय, हे त्या संध्याकाळी विचारायचं राहून गेलं. तो शब्द ती कशा आवाजात म्हणाली होती, ते मला लेबलाच्या आनंदात ऐकूच आलं नव्हतं. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा ऐकू आलं. बाकी सगळ्यात पास, इंग्रजीत तर चांगलेच गुण, आणि गणित राहिलं. ऑक्टोबरला तिने ते सोडवलं. तोवर मैत्रिणी कॉलेजात पुढे गेल्या होत्या.

आता मशीन मला येतं. वारा खारा झाला की मी पुस्तक न बघता पाणी उतरवतो. फिल्म अजून ओठाला लावून बघतो, गरज नसली तरी. लोक म्हणतात, विनायकरावांनी त्या वयात नवीन विद्या शिकून दाखवली. मी त्यांना सांगत नाही की तेव्हापासून मी छापतो ते वाचत नाही. शाई बघतो, पाणी बघतो, कडा बघतो. मागच्या महिन्यात एका देवळाच्या जीर्णोद्धाराचं छान लिहिलेलं पुस्तक आमच्याकडून छापून गेलं म्हणे. मला शेजाऱ्याकडून कळलं. पूर्वी असं पुस्तक माझ्या बोटांतून ओळ ओळ गेलं असतं आणि मी संध्याकाळी घरी येऊन त्यातलं काही सांगितलं असतं. शिकलो ते पोटासाठी, त्याबद्दल तक्रार करू नये. पण शिकताना जे काढून ठेवावं लागलं, ते परत कुठे मिळतं, हे कुठल्याच माहितीपुस्तकात नसतं.

आणि आता पुन्हा मार्च आहे. परवा आबांनी बोलावलं. मुंबईत म्हणे आता फोटोचीही फार गरज राहिली नाही. मजकूर पडद्यावर टाइप करायचा, अक्षर हवं तेवढं लहानमोठं करायचं, आणि तो तसाच छापून बाहेर येतो. ‘‘पुढच्या वर्षापर्यंत घ्यावं म्हणतो,’’ आबा म्हणाले. ‘‘मे महिन्यात मुंबईत शिकवणार आहेत. तुम्ही जाल का, की नवा मुलगा बघू?’’ त्यांचं वाक्य संपायच्या आत मी ‘जातो’ म्हणालो. भीती माणसाला किती चपळ करते! त्यांनी माझ्या हातात एक पुस्तिका ठेवली. मी न उघडताच ती पिशवीत टाकली. आत कुठली भाषा असणार ते मला माहीत होतं.

घरी शैला पुस्तकं पसरून बसली होती. बारावीनंतर ती एका पतसंस्थेत लागली आहे, आणि सध्या बँकेतल्या कारकुनाच्या परीक्षेला बसते आहे. परीक्षा पुढच्या रविवारी. समोर व्याजाची गणितं होती. मी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि, का कुणास ठाऊक, इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते उभ्या उभ्याच विचारलं.

‘‘शैला, दहावीला तुझं गणित राहिलं ते माझ्यामुळे ना?’’

तिने मान वर केली. आधी तिला कळलंच नाही, मी कशाबद्दल बोलतो आहे. मग म्हणाली, ‘‘काहीतरीच काय, बाबा! आठवीपासून कच्चं होतं माझं गणित. तुमचं मशीन आलं म्हणून निदान सांगायला एक कारण मिळालं. ते कशाला काढून घेता?’’

ही खरं बोलली की मला वाचवत होती? मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोन्ही बाजूंनी वाचून बघितलं. कुठली बाजू खरी, ते कळलं नाही, आणि इथे ओठाला लावून बघण्याची सोय नव्हती.

‘‘आणि आज मध्येच हे काय?’’ ती म्हणाली. ‘‘छापखान्यात काही झालं का?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग पिशवीकडे काय बघताय सारखं?’’ ती उठली आणि पिशवीत हात घालून तिने पुस्तिका बाहेर काढली. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. तिच्या कपाळावर ती जुनी बारीक आठी पडली. ‘‘कॉम्प्युटर? कधी जायचंय तुम्हाला? बसा इथे. मी सांगते काय लिहिलंय ते.’’

‘‘नको, तुझी परीक्षा...’’ मी म्हणालो.

आतून कुंदाचा आवाज आला, ‘‘झालं सुरू!’’

शैलाने व्याजाची वही मिटून बाजूला सारली आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. मी तिला थांबवायला हवं होतं. मी स्टूल पुढे ओढलं.